शिंगाड्यांच्या सायकलनं मागं टाकलेली पिकप

माझ्या साडभावाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा या भूतलावर कोणाला कोणाचा वाटला नसेल. वाटला असेल तर त्यानं समोर यावं, आम्ही दोघं मिळून संघटना काढू. अध्यक्ष मात्र मीच.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. दोन्ही बहिणींची लग्नं एकाच मांडवात लागली आणि तिथंच माझं नशीब फुटलं. तो थोरला जवाई, मी धाकटा. वरात एकच निघाली, पण बँड त्याच्या घोड्यापुढं वाजला आणि माझ्या घोड्यापुढं जनरेटरचा ठेला धूर सोडत चालला. मांडवात उतरलो तेव्हा माझा चेहरा एवढा काळा झाला होता की बायकोनं हार घालायच्या आधी दोनदा खात्री करून घेतली. तेव्हापासून सासूबाई त्याच्या ताटात कोंबडीची टांग वाढतात आणि माझ्या ताटात गळा. इतकी वर्षं गळे चघळून माझा आवाजही आता पहाटे कोंबड्यासारखा निघतो.

बरं, माणसात काही नसतं तर हेवा तरी कायले केला असता? पण त्याच्यात होतं. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या भागात गावोगाव शंकरपट भरतात. बैलांच्या जोड्या पळतात, माणसं झाडांवर चढून ओरडतात, आणि जोडी हाकणाऱ्याला म्हणतात धुरकरी. साडभाऊसारखा धुरकरी सडक अर्जुनीपासून सालेकशापर्यंत झाला नाही. त्यानं हाक मारली की बैल अशे पळायचे की त्यांची सावली मागून धापा टाकत यायची. एका पटात तर म्हणे जोडी निघाली, पोचली, पाणी पिली, आणि मग झेंडीवाल्यानं झेंडी खाली केली. मी स्वतः पाह्यलं नाही, पण सांगितलं मात्र पुष्कळ ठिकाणी. हीच तर माझी गोची. ज्याचा हेवा करायचा, त्याचीच कीर्ती आपल्या तोंडानं वाढवायची, कारण दुसऱ्या कोणाला तेवढं चांगलं सांगता येत नाही.

मी पेंटर. हायवेला लागण्याआधी जे मोठं वळण आहे, तिथं माझं दुकान. ट्रकांच्या मागं कमळं, मोर आणि अक्षरं काढायची. हायवेवरून रायपूरकडं जाणाऱ्या निम्म्या ट्रकांच्या पाठीवर माझा मोर आहे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या मालकांना पश्चात्ताप आहे. साडभावानं बैल आणि माल ने-आण करायला पिकप घेतली तेव्हा अक्षरांचं काम अर्थातच माझ्याकडं आलं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"बुरी नजर वाले तेरा मुँह काला," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिही. जळणारे लय झालेत आजकाल."

"कोण जळून राह्यलं बापा तुमच्यावर?"

"मले काय माहीत? ज्याले वाचता येते, त्याले कळन."

ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली. वळण असं दिलं की बघणाऱ्यानं थांबून बघावं. रंग ओला होता तेव्हा त्या काळ्या चकचकीत अक्षरांत मला माझंच तोंड दिसलं. ब्रश झटकला आणि रंगाचा डबा बंद केला.

तर त्या वर्षी जवळच्याच एका गावी पट होता. साडभावाची जोडी पहिली आली. संध्याकाळी त्यानं बैल पिकपमध्ये चढवले, गुलाल स्वतःच्याही डोक्यावर घेतला आणि घराकडं निघाला. त्याच्या मागून निघाली हरलेल्या जोडीची पिकप. आता दुसऱ्या मुलखातला माणूस असता तर पट शेतात संपला असं समजला असता. पण आमच्याकडं पट शेतात कधीच संपत नाही. हरलेल्या गाडीनं हॉर्न मारून साडभावाला मागं टाकलं, आणि तिचा ड्रायव्हर मागच्या बैलांकडं हात करून काहीतरी बोलला. काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही, पण साडभावाला बरोबर कळलं. झालं! बैल मागं उभे, माणसं पुढं बसलेली, आणि पट सुरू.

मी स्टुलावर उभा राहून एका ट्रकच्या मागच्या फळीवर मोराचा पिसारा भरत होतो. दोन्ही गाड्यांचा आवाज ऐकून मान वळवली. वळणाच्या तोंडाशी हरलेली पिकप पुढं होती. उजवीकडून जायला जागा नव्हती, समोरून ट्रॅक्टर येत होता. साडभावानं गाडी डावीकडं काढली, डांबर सोडून थेट कच्च्या पट्टीवर, आणि वळणावरच्या मोहाच्या झाडापाशी पुढं निघाला. आणि त्या कच्च्या पट्टीवरून शिंगाडेवाला म्हातारा चालला होता.

हा म्हातारा आमच्या वळणाला सगळ्यांच्या ओळखीचा. तळ्यातले शिंगाडे उकडून काळे करायचा, टोपल्यात भरून सायकलला बांधायचा, आणि जिथं पट, जिथं मंडईची जत्रा, तिथं विकायचा. त्या दिवशीही पटातूनच परत येत होता. टोपलं अर्धं भरलेलं होतं, म्हणून सायकलवर बसला नव्हता. हातात धरून पायी चालला होता.

पिकपच्या कोपऱ्याचा धक्का लागला. सायकल एकीकडं गेली, म्हातारा एकीकडं.

साडभावानं गाडी पुढं जाऊन थांबवली. उतरला, मागं धावला, फळीवर चढून आधी बैल पाह्यले. मग आमच्याकडं धावत आला. हे मी पाह्यलं, आणि हे मी बरेच दिवस कोणालाच सांगितलं नाही.

एकशे आठची गाडी आली, म्हाताऱ्याला घेऊन गेली. मांडीचं हाड मोडलं होतं. साडभावाला पोलिसांनी ठाण्यात नेलं.

आता कोणालाही वाटेल की इथं तरी माझा हेवा शांत झाला असेल. कशाचा! ठाण्यात त्याच्यासाठी सासऱ्याच्या गावाहून एक अख्खी पिकप भरून माणसं आली. सासूबाई डबा घेऊन आल्या, त्यात टांग होती. दोन माजी सरपंच, एक भावी सरपंच, पटाच्या कमिटीचे सगळे लोक. मी एकदा हेल्मेट न घालता सापडलो होतो, तेव्हा पावती फाडून घरी आलो तर बायकोनं विचारलं होतं, "दूध आणलं का?" आणि याच्यासाठी सासूबाईंनी नागऱ्याच्या महादेवाला सोमवार बोलले!

त्यात फिर्यादीतलं ते वाक्य. मी साक्षीदार म्हणून जबाब दिला तेव्हा हवालदारानं वाचून दाखवलं: 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणाने चालवून, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, गंभीर दुखापतीस कारणीभूत झाला.' मी अक्षरांचा माणूस. एवढं लांब, एवढं वजनदार वाक्य माझ्याबद्दल जन्मात कोणी लिहिलं नाही. लग्नपत्रिकेतही माझं नाव त्याच्या खालीच होतं.

"साहेब," मी हवालदाराला म्हणालो, "हे सगळं एकाच माणसाबद्दल आहे का?"

"मग काय तुझ्याबद्दल लिहू?" तो म्हणाला. "सही कर."

साडभाऊ जामिनावर सुटला. त्या दिवशी सासऱ्याच्या घरी त्याला ओवाळलं. मी दारात चपला सोडत होतो, तर कोणीतरी म्हणालं, "बाजूला हो न बापा, ताट जाऊन राह्यलं."

पिकप ठाण्याच्या आवारात जमा होती, पाठ रस्त्याकडं करून. येणारा-जाणारा ती ओळ वाचायचा. मला तेवढीच प्रसिद्धी.

मग वळणावरच्या पानठेल्यावर लोक मला विचारायला लागले. मी तर डोळ्यादेखत पाह्यलेला माणूस. पहिल्या दिवशी जवळपास खरंच सांगितलं. पण सांगता सांगता पाह्यलं तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत भलतंच काही चमकत होतं.

"डावीकडून घातली?" एक ट्रकवाला म्हणाला. "वळणावर? बैल भरून? बाप रे, क्या कलेजा है आदमी का!"

"स्पीड किती असन?" दुसऱ्यानं विचारलं. "शंभरच्या वर असन ना?"

"अरे तो धुरकरी आहे! त्याच्या हाताले पाह्य ना!"

म्हाताऱ्याचं हाड मोडलं होतं आणि हे लोक साडभावाचे हात वाखाणत होते. माझ्या पोटात असा वणवा पेटला की पानठेल्यावरच्या सुपाऱ्या भाजल्या असत्या. गुन्हा करूनही हाच मोठा? आणि मग माझ्या तोंडातून ते निघालं.

"कसला स्पीड, कसला कलेजा!" मी म्हणालो. "त्याच्या आधी तर शिंगाडेवाल्याच्या सायकलनं त्याले कट मारून मागं टाकलं होतं!"

ठेला हसला. असा हसला की चुन्याची डबी खाली पडली.

मग मी थांबतो का? दुसऱ्या दिवशी म्हातारा रस्त्याच्या मधोमध सायकल हाणत होता, धोतर वाऱ्यावर, घंटी वाजवत. तिसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही पिकपना मागं टाकलं आणि वळून हात हलवला. आठवड्यात धडक अशी लागली की शिंगाडे आभाळात उडाले आणि तीन गावांवर शिंगाड्यांचा पाऊस पडला. एका कौलारू घरावर एवढे पडले की घरमालकानं ते विकून बकरी घेतली. पण काहीही झालं तरी एक गोष्ट कायम, सायकल पुढं आणि साडभाऊ मागं. ते सांगताना माझ्या पोटातला वणवा एवढा थंड पडायचा की मला स्वेटर लागायचं.

कोणीतरी मोबाईलवर ते सगळं काढलं. गोंदियाच्या स्टेशनबाहेरचे ऑटोवाले मला न ओळखता मलाच तो व्हिडिओ दाखवू लागले. "भैया, ये देखो, साइकिलवाला बूढ़ा!" सासऱ्याच्या गावच्या मंडईत तो व्हिडिओ नाटकाच्या मध्यंतरात फिरला. साडभावानं तो बघितला आणि उठून गेला, असं मला कळलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

केस उभी राहिली. साक्षीसाठी कोर्टाचं समन्स आलं. पाठोपाठ साडभाऊ आला. माझ्या दुकानात तो पहिल्यांदाच स्वतःहून स्टुलावर बसला. तोंड असं, जसं कडुनिंबाचा अख्खा पाला एका घासात खाल्ला.

"तू कोर्टात येऊन राह्यला म्हणते."

"बोलावलं तर यावं लागते."

"ये ना. कोण नाई म्हणते? फक्त ते सांग, जे ठेल्यावर सांगते."

मला कळेना. "म्हणजे?"

त्यानं इकडं तिकडं पाह्यलं. मग मयताला आल्यासारखा आवाज काढला. "वकील म्हणते, म्हातारा सायकलवर होता, मधात आला, तर माह्यी चूक नाई होत. त्याले वाचवाले मी डावीकडं घातली असं होते. तूच तर साऱ्या जिल्ह्याले सांगून राह्यला, सायकल मधात होती म्हणून. तेच सांग. बस."

"आणि सायकलनं तुम्हाला मागं टाकलं, हे?"

त्याच्या कानशिलावरची शीर उडाली. "तेही सांग."

"तुम्ही कबूल कराल?"

"वकील म्हणते, करा लागन."

मित्रांनो, लग्नाच्या मांडवापासून मी ज्या एका दिवसाची वाट पाहत होतो, तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला होता. भर कोर्टात, सासऱ्याच्या सगळ्या गावासमोर, हा माणूस मान खाली घालून ऐकणार की शिंगाड्याच्या सायकलनं त्याला मागं टाकलं. आणि मी तो सांगणारा. ट्रकभर टांगा दिल्या असत्या तरी एवढी चव आली नसती.

घरी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एका बाजूला तिची सख्खी बहीण, म्हणून मी जरा जपूनच बोललो.

"मी आक्काचीच बहीण आहे," ती म्हणाली, "पण म्हाताऱ्याचा पाय आक्कानं नाई मोडला. तुमच्या पोटात काय दुखते आणि डोळ्यानं काय पाह्यलं, हे एकाच पिशवीत भरून कोर्टात नेऊ नोका. एवढंच."

"पोटात कोणाच्या दुखते?"

"व्हिडिओ मी पण पाह्यला," ती म्हणाली.

दोन-चार दिवसांनी म्हातारा आला. काठी टेकत, एक पाय ओढत. सायकल नव्हती, टोपलंही नव्हतं. स्टुलावर बसायला सांगितलं तर म्हणाला, बसलो तर उठता येत नाही.

"बापू, तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं, बाबा."

"मग झालं." तो काठीवर जरा रेलला. "पाय गेला तो गेला. म्हातारपणाचा पाय, तसाही कितीक दिवस चालला असता? पण लोक म्हणतेत मी पिऊन होतो, सायकल मधात घातली. पोरीच्या सासरीपण तेच गेलं. जवाई तिले म्हणते, तुह्याच बापाची चूक. मी जन्मभर कडेनं चाललो बापू. गुरांच्या वाटेनं चाललो. मी मधात कधीच नाई गेलो."

त्यानं व्हिडिओ पाह्यला नव्हता. त्याच्याकडं तसला मोबाईलच नव्हता. 'मधात' हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी मोराच्या पिसाऱ्यात तोंड घालून रंग ढवळत राह्यलो.

कोर्टाचा दिवस. तालुक्याचं कोर्ट लहान, पण त्या दिवशी असं भरलं होतं की भिंती बाहेरून फुगलेल्या दिसत होत्या. सासूबाई पहिल्या बाकावर, पदराखाली नागऱ्याची उदी. साडभाऊ पिंजऱ्यात, इस्त्रीच्या शर्टात. पिंजराही त्याला शोभत होता, हलकट. म्हातारा मागं दाराजवळ काठीवर उभा.

सरकारी वकिलानं मला विचारलं, मी सांगितलं. म्हातारा कच्च्या पट्टीवर होता, पायी होता, सायकल हातात होती. पिकप डावीकडून ओव्हरटेक करत डांबर सोडून खाली आली. बाकावर हळूच चुळबुळ झाली. साडभावाचा चेहरा पडला नाही. त्याला माहीत होतं, अजून त्याचा वकील उठायचा आहे.

तो उठला. फार गोड माणूस. हसतच उठला.

"आपण पेंटर. आणि वळणावर आपण गोष्टी सांगता म्हणे."

"लोक ऐकतात म्हणून सांगतो, साहेब."

"आपण लोकांना सांगितलं, की सायकलस्वार रस्त्याच्या मधोमध होता. खरं की खोटं?"

"सांगितलं."

"सायकलनं पिकपला मागं टाकलं, असं सांगितलं?"

"सांगितलं."

"शिंगाड्यांचा पाऊस पडला, असंही?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

"तेही सांगितलं."

"आपले आणि आरोपीचे संबंध बरे नाहीत. आपण त्यांच्यावर जळता. हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"साहेब, तालुक्याला माहीत आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"मग कोर्टानं आपलं कोणतं बोलणं खरं मानायचं? ठेल्यावर सायकल मधोमध, इथं सायकल हातात. ठेल्यावर शिंगाडे आभाळात, इथं शिंगाडे कुठं आहेत?"

सगळे माझ्याकडं बघत होते. जज साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. एक शब्द पुरे होता. 'मधात' म्हटलं की साडभाऊ मान खाली घालणार होता, सायकलच्या मागं, सगळ्यांसमोर, जन्मभरासाठी. मी दाराकडं पाह्यलं. म्हातारा काठीवरचा हात बदलत होता.

"साहेब," मी म्हणालो, "शिंगाडे जमिनीवर होते. धक्का लागल्यावर बाबा ओरडला नाही. उठून बसला आणि एका हातानं शिंगाडे गोळा करायला लागला. पाय मोडला हे त्याला कळलंच नव्हतं. आम्ही धावत गेलो तर म्हणाला, थांबा बापू, तुडवू नोका. एवढंच झालं. हे ठेल्यावर सांगून कोण ऐकणार होतं? कोणी हसलं नसतं. म्हणून नाही सांगितलं."

कोणी हसलं नाही.

वकील दुसऱ्या वाटेनं आला. "त्या ठिकाणी दोन पिकप होत्या. एकीनं दुसरीला मागं टाकलं होतं. धक्का पुढच्या गाडीचा असू शकतो. पुढं कोण होतं, हे आपण सांगू शकत नाही, कारण आरोपी पुढं होता असं म्हणणं आपल्या पोटालाच मानवत नाही. बरोबर?"

वकील हुशार. माझ्या वर्मावर बरोबर बोट ठेवलं. आणि काय सांगू, ते वाक्य माझ्या तोंडातून काढताना मला जेवढा त्रास झाला तेवढा बाळंतिणीला होत नसेल. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा बाळंत होऊन पाहा." पण मला तसं वाटलं.

"पुढं हेच होते, साहेब," मी म्हणालो. "ती दुसरी गाडी वळणावर मागं पडली होती. सायकलनं यांना मागं टाकलं नाही. त्या दिवशी यांना कोणीच मागं टाकू शकलं नसतं. या भागात यांच्यासारखी गाडी कोणी काढत नाही, ना बैलांची, ना डिझेलची. मी पाह्यलं आहे. मोहाच्या झाडापाशीच हे पुढं निघाले होते."

आणि पिंजऱ्यात माझा साडभाऊ सरळ उभा राहिला. छाती बाहेर आली. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून त्यानं स्वतःबद्दल पहिल्यांदाच असं ऐकलं होतं, आणि तेही शपथेवर.

"मोहाच्या नाई!" तो ओरडला. "त्याच्या आधीच! बोरीजवळच काढली होती मी त्याच्या पुढं!"

जज साहेबांनी वर पाह्यलं. आरोपीचं असं बोलणं कायद्यात धरतात की नाही, ते कायदेवाले जाणोत. पण त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला आणि कागद मिटून घेतले. सासूबाईंच्या पदरातली उदी बाकाखाली सांडली.

मी मुद्दाम तसं म्हणालो का? लोक अजून विचारतात. मी पेंटर आहे. कुठल्या रंगावर कुठला रंग मारला की खालचा वर येतो, एवढं मला कळतं. जास्त विचारू नका.

निकाल लागला. बेदरकारपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याबद्दल साडभाऊ दोषी ठरला. काही महिन्यांची कैद, दंड, आणि लायसन रद्द. कैदेविरुद्ध त्यानं अपील केलं आहे, त्यामुळं तो जामिनावर बाहेर आहे, पण स्टिअरिंगला हात लावता येत नाही. बायकोच्या बहिणीकडून निरोप आला होता, आपसात मिटवून टाकता आलं असतं. सरकारी वकील म्हणाले, बेदरकार गाडी चालवणं हा सरकारविरुद्धचा गुन्हा, तो पाहुणचारात मिटत नाही. पुढं गोंदियाला अपघाताच्या दाव्यातही म्हाताऱ्याची चूक नव्हती असं ठरलं. त्याच्या जवायानं म्हणे त्या दिवशी सासऱ्याला घरी आणायला माणूस पाठवला.

तरी पण सासऱ्याच्या घरी टांग अजून त्याच्याच ताटात जाते. "बिचाऱ्याले गाडी चालवता येत नाई आता," सासूबाई म्हणतात. आता मला त्याच्या शिक्षेचाही हेवा वाटतो. माझ्या बिनलायसनच्या आयुष्याबद्दल कोणी कधी हळहळलं का? पटात मात्र तो अजून धुरकरी आहे. बैलांना लायसन लागत नाही.

म्हातारा निकालानंतर एकदा दुकानात आला. आता कोणीतरी त्याला तसला मोबाईल दाखवला होता. मी ब्रश खाली ठेवला. वाटलं, काठी घालतो डोक्यात.

"बापू," तो म्हणाला, "माह्यी सायकल पुढं गेली होती म्हणे?"

"बाबा, ते..."

"आता कोर्टाचं झालं ना? आता सांगितलं तर चालते?"

"चालते."

"मग सांग."

मी सांगायला लागलो. जरा आखडतच. धोतर, घंटी, दोन्ही पिकप. म्हातारा ऐकत होता, मान हलवत होता. आणि मध्येच म्हणाला, "घंटी नव्हती माह्या सायकलले. मी शीळ घातली. आणि हात नाई हलवला, बापू. मी वळून शिंगाडा फेकून मारला त्याच्या काचेवर."

मला हे सुचलं नव्हतं.

या हिवाळ्यात तो पुन्हा पटात शिंगाडे विकतो, एका जागी बसून. टोपल्याभोवती गर्दी असते. शिंगाडे विकत घेणारे कमी, ऐकणारे जास्त. त्याच्या गोष्टीत आता सायकल पाच गाड्यांच्या पुढं असते, आणि शिंगाड्यांचा पाऊस पार रायपूरपर्यंत पोचतो. परवा तिथं साडभाऊही उभा होता, जोडीचा कासरा हातात धरून, आणि हसत होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुह्यापेक्षा चांगलं सांगते रे हा."

मी दोन शिंगाडे सोलून खाल्ले. कडू लागले.